पान जुळविणारा

कल्याणच्या पुढे लोहमार्गालगत उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे वसली आहेत. तेथील बाजारपेठांत लग्नपत्रिका व हस्तपत्रके संगणकावर जुळवून देणारी छोटी दुकाने आढळतात. ही कला शिकू इच्छिणाऱ्यास वाटते, कोणती कळ केव्हा दाबावी एवढे समजले की विद्या साध्य झाली. ही समजूत अपुरी आहे.

पूर्वी छापखान्यात जुळारी शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवीत असे. जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत स्थापिलेला निर्णयसागर छापखाना अशाच सुबक व शुद्ध छपाईसाठी नावाजला. पुढे १९८५ साली पेजमेकर ही संगणकप्रणाली निघाली आणि पानाची जुळणी पडद्यावर होऊ लागली. खिळे गेले, जुळाऱ्याची जबाबदारी मात्र राहिली. समास किती सोडावा, दोन ओळींत अंतर किती असावे, शीर्षक केवढ्या अक्षरांत शोभेल, याची पारख शिकणाऱ्याने अंगी बाणवावी लागते.

शुद्धलेखनाचेही तसेच आहे. अंबरनाथच्या एखाद्या शाळेच्या निमंत्रणपत्रिकेत ‘शिक्षक दिन’ छापताना ऱ्हस्वाऐवजी दीर्घ वेलांटी पडली, तर सन्मानाचे धनी असलेले शिक्षक क्षणात दीनवाणे होतात! ‘दिन’ व ‘दीन’ हे दोन्ही शब्द शब्दकोशातले. त्यामुळे यंत्र बहुधा हरकत घेत नाही आणि तीच चूक हजार प्रतींवर निमूटपणे उमटविते.

म्हणून यंत्राच्या आज्ञांबरोबरच भाषाही कसून शिकावी, आणि छापण्यापूर्वी प्रत्येक पान दुसऱ्याकडून वाचून घ्यावे. काम यंत्र झटपट करते. पानाची अब्रू मात्र जुळविणाऱ्याच्याच हाती असते.