सोमवारचा ताप

घराला खिडक्या बसवावयाच्या म्हणजे लांकडी गजांचें नांव आतां फारसें कोणी काढीत नाहीं. लोखंडी जाळी, लोखंडी फाटक, गच्चीला लोखंडी कठडा, असा सारा लोखंडी संसार असतो. तो जोडणारा मनुष्य गल्लीच्या तोंडाशीं पत्र्याच्या छपरीखालीं उकिडवा बसून निळ्या ठिणग्या उडवीत असतो. त्या उजेडाकडे पाहूं नये असें आपण मुलांना बजावितों, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या उजेडांतून जो पांढुरका धूर वर चढतो, त्याविषयीं कोणी कांहीं बोलत असल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

हा धूर चुलीच्या धुरासारखा नव्हे. वेल्डिंगच्या ठिणगीची आंच कित्येक हजार अंशांची. तीत धातूचें नुसतें पाणी होऊन थांबत नाहीं, त्याची वाफ होते, आणि ती हवेंत निवतांच तिचे अतिसूक्ष्म कण बनतात. ते बहुतेक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असल्यामुळें तोंडाला बांधलेला फडका त्यांना अडवूं शकत नाहीं. ते थेट फुप्फुसाच्या तळाशीं उतरतात.

जस्ताचा मुलामा दिलेल्या नळ्यांचेंच पाहा. लोखंड वितळावयास सुमारें १५३८ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. जस्त ९०७ अंशांवरच उकळतें. म्हणजे लोखंडाचा जोड बसण्यापूर्वींच जस्त धूर होऊन कामकऱ्याच्या तोंडावर आलेलें असतें. रात्रीं त्याला हुडहुडी भरते, अंग मोडून येतें, तोंडाला धातूची चव येते. घरचीं माणसें हिवताप म्हणून घाबरतात, तोंच एकदोन दिवसांत ताप आपोआप उतरतो. चमत्कार असा कीं, रोज धूर घेतां घेतां शरीर त्याला कांहींसें सरावतें. सुटीचा दिवस मध्यें आला कीं तो सराव तुटतो आणि कामाच्या पहिल्या दिवशीं ताप पुन्हा उभा राहतो. म्हणूनच इंग्रजी बोलणाऱ्या मुलुखांत याला 'सोमवारचा ताप' असें नांव पडलें.

हा ताप निदान उतरतो तरी. स्टेनलेस स्टीलच्या धुरांत क्रोमियम व निकेल असतात. पोलादांतील व जोडकामाच्या कांड्यांतील मँगनीज वर्षानुवर्षें पोटांत नव्हे, श्वासांत गेलें तर मेंदूवर परिणाम करून हातपाय जड करूं शकतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९८९ मध्यें या धुराला केवळ संशयित ठरविलें होतें. २०१७ मध्यें तिनें त्याला निश्चित कर्करोगकारकांच्या वर्गांत घातलें. २०१९ मध्यें इंग्लंडांतील अधिकाऱ्यांनीं पुढें जाऊन सांगितलें कीं, साधें लोखंड असलें तरी योग्य बंदोबस्तावांचून हें काम होऊं नये, आणि उघड्यावरच्या कामालाही संरक्षण पाहिजेच. हें शेवटचें आपल्या गल्लीला लागू आहे. हवा मोकळी असली तरी मनुष्य कामावर ओणवा झालेला असतो, व धूर त्याच्या नाकावरून गेल्यावर मगच मोकळ्या हवेला मिळतो.

आमच्याकडे यावर उपाय म्हणून गूळ देतात, कोठें दूध देतात. गूळ पौष्टिक खरा. पण तो पोटांत जातो आणि धूर फुप्फुसांत, या दोघांची गांठ पडावी कशी? खरा उपाय धूर जेथें निघतो तेथेंच शोषून घेणारा पंखा. १९४८ च्या कारखाने-कायद्याच्या १४ व्या कलमांत हेंच लिहिलें होतें. पण वीज वापरणाऱ्या जागीं दहा कामकरी असल्यावांचून तो कायदा सामान्यतः लागतच नसे, आणि गल्लींतल्या छपरींत माणसें असतात तीन. त्यांतला एक बहुधा नळी धरून बसलेला पोर, ज्याच्या तोंडावर काळी कांचही नसते.

तेव्हां ज्यांच्या घरचा कठडा होत आहे त्यांनींच थोडें विचारावें. नळ्या जस्ती असतील तर जोडाजवळचें जस्त आधीं घासून काढावयास मिस्त्रीला सांगावें. वारा बाजूनें येईल असें बसावयास जागा द्यावी. बारीक कण अडविणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा दोघांनाही आणून द्यावा. घासण्यांत अर्धा दिवस जाईल, मिस्त्री त्याची मजुरी मागेल; ती घासाघीस न करितां द्यावी.