चढ नाही म्हणून किल्ला नाही?

"किल्ला म्हटलं की घाम निघाला पाहिजे यार, सपाटीवर कसला आलाय किल्ला?" पुण्या-मुंबईच्या कुठल्याही ट्रेकिंग ग्रुपमध्ये हे वाक्य ऐकायला मिळतं. बोलणारा कोथरूडचा असेल तर मी सोडून देतो. पण बऱ्याचदा तो निघतो आमच्याकडचाच. लातूर, उदगीर नाहीतर नांदेडचा. लातूर पॅटर्नमधून बारावी काढलेला, इंजिनिअर झालेला, आता हिंजवडीत बसून वीकेंडला राजगड मारणारा. तेव्हा मात्र डोकं फिरतं. आजचं हे पुराण खास त्याच्यासाठी.

या मंडळींच्या लेखी किल्ला व्हायला दोन अटी आहेत. एक, तो उंच पाहिजे. दोन, तो महाराजांचा पाहिजे. (तिसरी अट कोणी बोलून दाखवत नाही: फोटो झकास आला पाहिजे.) या चाळणीतून औसा गळतो, उदगीर गळतो, कंधारही गळतो. माहूर डोंगरावर आहे म्हणून काठावर पास, पण तिथेही आपण रेणुकामातेचं दर्शन घेतो, प्रसाद घेतो आणि खाली उतरतो. किल्ला राहतो बाजूला. लातूरपासून औसा जेमतेम 20 किलोमीटर. क्लासेसच्या निमित्ताने दोन-दोन वर्षं लातुरात काढलेल्या किती पोरांनी तो आतून पाहिलाय? विचारून बघा. उत्तर ऐकून वाईट वाटेल.

आता पहिली अट घेऊ, उंचीची.

सह्याद्रीत निसर्गाने अर्धं काम फुकट करून दिलंय. तीन बाजूंना ताशीव कडा असला की उरलेल्या एका बाजूला दरवाजा आणि तट बांधायचा. आमच्या काळ्या रानात निसर्ग काही देत नाही. चहूकडून घोडदळ येऊ शकतं, तोफा ओढत आणता येतात. म्हणजे संरक्षणाची प्रत्येक गोष्ट माणसाने डोकं लावून, दगडावर दगड ठेवून उभी करायची. औशाचंच बघा. बहमनी काळातला किल्ला, आणि बांधला कुठे, तर सखल जागेत! आधी हे येडेपणाचं वाटतं. पण आजूबाजूची जमीन उंच असल्याने दुरून येणाऱ्याला किल्ल्याचा बराचसा भाग दिसतच नाही आणि आतल्या उंच बुरुजावरच्या माणसाला मात्र येणारी फौज लांबूनच कळते. त्यापुढे खंदक. मग बाहेरचा तट, त्याच्या आत दुसरा, त्याहून उंच तट. म्हणजे बाहेरचा तट पडला तरी आत शिरलेला शत्रू आतल्या तटावरच्या बंदुकांखाली उघडा पडणार. असल्या किल्ल्यांचे दरवाजेही सरळ रेषेत नसतात. हत्तीला धाव घेऊन धडक देता येऊ नये म्हणून वाट मुद्दाम वळवलेली असते.

नेटवर्क सिक्युरिटीच्या ट्रेनिंगमध्ये आपल्याला काय शिकवतात? एका भिंतीवर विसंबू नका, थरावर थर ठेवा, एक थर फुटेल हे गृहीत धरूनच पुढचा बांधा. त्यासाठी कंपनी बाहेरून माणूस बोलावते, त्याला पैसे मोजते आणि वर आपल्याला सर्टिफिकेट देते. तेच सगळं औशात पाचशे वर्षांपासून दगडात उभं आहे, आणि आपण म्हणतो, तिथे बघायला काही नाही!

पाण्याचं तर बोलायलाच नको. वेढ्यात अडकलेला किल्ला तोफेच्या आधी तहानेने पडतो हे बांधणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून आत विहिरी, हौद. कंधारला तर खंदकच पाण्याचा आणि गावाजवळ राष्ट्रकूटांच्या काळापासून नाव चालत आलेला जगत्तुंग सागर तलाव. नांदेडचा नंदगिरी किल्ला थेट गोदावरीच्या काठाला. आता आपला पराक्रम बघा. एप्रिल 2016 मध्ये लातूरला पाणी रेल्वेने आणावं लागलं. मिरजेहून निघालेली पहिली 'जलदूत' गाडी 10 वाघिणींत 5 लाख लिटर पाणी घेऊन आली. कोणी वेढा घातला नव्हता, कोणी रसद तोडली नव्हती. तरी शहर तहानेला आलं. एखादा जुना किल्लेदार हे बघायला असता तर त्याने आपल्याला कामावरून काढून टाकलं असतं.

आता दुसरी अट. महाराजांचा पाहिजे.

ही अट लावायची तर नीट लावा. शिवनेरीवर महाराज जन्मले, पण त्यांच्या हयातीत तो किल्ला स्वराज्यात आला नाही. प्रयत्न झाले, यश आलं नाही. पन्हाळा बांधला शिलाहारांनी, नंतर तो आदिलशाहीत होता. म्हणून आपण शिवनेरीला, पन्हाळ्याला परका म्हणतो का? खुद्द महाराजांनी किल्ला घेताना तो मुळात कोणी बांधला हे पाहून सोडून दिला का? त्यांनी जागा पाहिली, बांधकाम पाहिलं, डागडुजी केली आणि कामाला लावला. इंजिनिअरची नजर म्हणतात ती हीच.

उदगीर 'आपला' नाही म्हणणाऱ्याने तर 1760 आठवावं. 3 फेब्रुवारीला उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. दौलताबाद, असीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर अशी ठाणी आणि जवळपास 60 लाखांचा मुलूख मराठ्यांना मिळाला. त्या लढाईत इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना मराठ्यांच्या बाजूने होता. हा इब्राहिमखान आधी निजामाकडे नोकरीला. (आपल्या भाषेत, कॉम्पिटिटरकडून आलेला माणूस.) याच विजयाच्या जोरावर भाऊ उत्तरेत गेले आणि वर्षभरात, 14 जानेवारी 1761 ला, पानिपत झालं. पानिपतावर तासन्‌तास भांडणाऱ्या आपल्या पोरांना उदगीर ठाऊक असतं ते स्टेशन म्हणून!

कोणी बांधला यावरून किल्ला टाकून द्यायचा तर युरोपवाल्यांकडे आपल्यापेक्षा कितीतरी मोठं कारण होतं. 1942 ते 44 या काळात हिटलरच्या हुकमावरून नॉर्वेपासून फ्रान्स-स्पेनच्या सीमेपर्यंत समुद्रकाठाने काँक्रीटचे बंकर, तोफांची ठाणी उभारली गेली. 'अटलांटिक वॉल' म्हणतात त्याला. परक्या, क्रूर सत्तेने, जबरदस्तीच्या मजुरांकडून बांधून घेतलेलं काम. आणि 6 जून 1944 ला नॉर्मंडीत ते पहिल्याच दिवशी फुटलं. आज? फ्रान्समधल्या लाँग-सुर-मेर इथे त्या जर्मन तोफा जागेवर आहेत, लोक जाऊन बघतात. बेल्जियममध्ये ऑस्टेंडजवळ रावरसाइडला त्या तटबंदीचं खुलं संग्रहालय केलंय. हिटलरचं कौतुक म्हणून कोणी ते जपलेलं नाही. इथे काय घडलं, कसं घडलं, हे जागेवर उभं राहून कळावं म्हणून जपलंय. आपल्यातले जे लोक ऑनसाइट जातात ते असल्या बंकरसमोर आवर्जून फोटो काढतात. ऐंशी वर्षांच्या काँक्रीटला इतका मान, आणि बहमनींपासून 17 सप्टेंबर 1948 पर्यंतचा सगळा इतिहास अंगावर वागवणाऱ्या आपल्या दगडांना शून्य?

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले. रायगड, साल्हेर, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, थेट तमिळनाडूतली जिंजी. मनापासून आनंद झाला. मराठवाड्यातला त्यात एकही नाही, आणि यादीचा विषयच मराठ्यांची युद्धव्यवस्था हा असल्याने त्याबद्दल तक्रारही नाही. तक्रार वेगळी आहे. शिक्का मिळालेल्याच ठिकाणी आता सगळी गर्दी जाणार, निधीही तिकडेच ओढला जाणार आणि आमचे भुईकोट आणखी दहा वर्षं बाभळींच्या हवाली होणार. मागायला माणूसच नसेल तर कोण कशाला देईल?

"सरकार काय करतंय मग?" हा प्रश्न बरोबर आहे, जरूर विचारा. पण जे गाव स्वतःचा खंदक कचरा टाकायची जागा समजतं, त्या गावाच्या प्रश्नाला धार कुठून येणार? आणि जिथे गावातली शिकलेली पोरंच फिरकत नाहीत, तिथे गुप्तधनाच्या नादाने खणणाऱ्यांना रान मोकळंच मिळतं.

झेंडे घेऊन मोहिमा काढा असं मी म्हणत नाही. उत्साहाच्या भरात सिमेंट थापणं, दगडाला रंग फासणं, झाडं मुळासकट उपटून भिंत पाडणं, यापेक्षा काही न केलेलं बरं. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खोदणं हा गुन्हा आहे तो वेगळाच. आपल्याला जे येतं तेवढंच करू. आपल्याला डॉक्युमेंटेशन येतं. (म्हणजे कंटाळा येतो, पण येतं!) दिवाळीला रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून गावी जाताच ना? एक सकाळ काढा. प्रत्येक दरवाजाचे, बुरुजाचे, शिलालेखाचे नीट, तारखेसह फोटो घ्या. फारसी, अरबी लेख आपल्याला वाचता येत नाहीत, पण वाचणारे लोक आहेत. त्यांना स्वच्छ फोटो तर मिळू दे. मराठी विकिपीडियावर कंधारचा, औशाचा लेख उघडा आणि जे कमी आहे ते आधार देऊन भरा. दर वर्षी त्याच जागेवरून तोच फोटो काढला तर कुठली भिंत कधी ढासळली याचा पुरावा तयार होतो. मग सरकारला पत्र लिहा, सोबत तो पुरावा जोडा. नुसत्या "दुर्लक्ष होत आहे" या वाक्यापेक्षा तो जास्त टोचेल.

आणि घामाचं म्हणाल तर काळजी नसावी. मे महिन्यात उदगीरच्या खंदकाकाठी दुपारी बारा वाजता नुसतं उभं राहून दाखवा. राजगडापेक्षा जास्त निघाला नाही तर जाण्या-येण्याचं भाडं माझ्याकडून.