कंत्राटी शुश्रूषेचे मोल

वृद्धांची शुश्रूषा म्हणजे केवळ वेळेवर औषध देणे नव्हे. कोणत्या आजींना गोळी दुधाबरोबरच लागते, कोणत्या आजोबांची कूस बदलताना कोणता गुडघा जपावा, गप्प बसलेला माणूस थकला आहे की आजारी पडला आहे, हे रोज पाहणाऱ्या परिचारिकेलाच उमगते. एजन्सीने आज धाडलेली व उद्या अन्यत्र जाणारी परिचारिका कितीही निष्णात असली, तरी ही ओळख तिच्यापाशी कोठून असणार? दोष तिचा नव्हे, व्यवस्थेचा आहे.

या व्यवस्थेचे मोल कॅनडाला २०२० साली मोजावे लागले. कोरोनाच्या पहिल्या लाटेत त्या देशातील पाचांपैकी सुमारे चार मृत्यू वृद्धांच्या शुश्रूषागृहांशी व निवासांशी निगडित होते. ऑन्टॅरिओ व क्वेबेक प्रांतांतील काही गृहांत तर लष्कर पाठवावे लागले. अल्प वेतनाच्या अर्धवेळ नोकऱ्यांमुळे अनेक सेविका दोन-दोन गृहांत राबत होत्या. त्यांच्याबरोबर संसर्ग पसरण्याचा धोकाही फिरत होता. ब्रिटिश कोलंबियाने एका सेविकेस एकच गृह असा नियम केला आणि वेतन समान पातळीवर आणून तो पाळणे तिला शक्य केले. ऑन्टॅरिओनेही एप्रिल २०२० मध्ये तसा आदेश काढला. परंतु एजन्सीच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना त्यातून वगळले. मनुष्यबळ आधीच अपुरे. त्यांच्यावाचून अनेक गृहांचा गाडा अडला असता. ज्या दाराने धोका आत येऊ शकत होता, तेच दार उघडे राहिले. परावलंबन म्हणतात ते हेच!

रजा, आजारपण वा साथ अशा प्रसंगी तात्पुरते कर्मचारी हवेतच. परंतु अडचणीची सोय हीच नित्याची रीत झाली, की काटकसरही उरत नाही. एजन्सीचे दर चढे असतात. तिकडे अधिक पैसे व सोयीच्या पाळ्या दिसल्या की कायम परिचारिकाही नोकरी सोडतात, आणि मग एजन्सीची गरज आणखी वाढते. हे चक्र थांबविण्यासाठीच क्वेबेकने २०२३ साली एजन्सींचा वापर टप्प्याटप्प्याने आटोक्यात आणणारा कायदा केला.

महाराष्ट्रातील सरकारी परिचारिकांनी २०२२ साली कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा अनेकांना तो केवळ पगाराचा व नोकरीचा प्रश्न वाटला. तो तेवढाच नव्हता. ज्या परिचारिकेच्या उद्याची शाश्वती नाही, तिच्या रुग्णाला तरी उद्या ओळखीचा हात लाभेल, याची हमी कोण देणार?