घरी येणारे मासिक

वर्तमानपत्र सकाळी घरात येते आणि सायंकाळपर्यंत शिळे होते. ग्रंथ एकदा घरात आला की बहुधा कपाटात जाऊन बसतो. या दोहोंच्या मध्ये मासिकाची जागा आहे. ते महिन्यातून एकदा येते, महिनाभर घरात वावरते आणि घरातील लहानथोर सर्वांच्या हातांतून जाते. आजोबांनी वाचलेला लेख नातू वाचतो, आईने वाचलेली गोष्ट लेक वाचते. आणि मग जेवताना त्यांच्यात जे बोलणे होते, ते नित्याच्या बोलण्याहून थोडे निराळे असते. ज्या घराने एखाद्या चांगल्या मासिकाची वर्गणी भरली आहे, त्या घराने आपल्या संसारात एक सुजाण पाहुणा कायमचा ठेवून घेतला आहे, असेच म्हटले पाहिजे.

मराठीत मासिकांची परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये 'दर्पण' हे वृत्तपत्र काढले आणि 1840 मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान अशा विषयांची ओळख मराठी वाचकाला त्याच्याच भाषेत करून द्यावी, हा त्यामागील हेतू होता. 1867 मध्ये 'विविधज्ञानविस्तार' निघाले व सुमारे सत्तर वर्षे चालले. पुढे 1895 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' काढले, आणि 1909 साली त्याचा जो दिवाळी अंक प्रसिद्ध झाला, त्याने महाराष्ट्राच्या दिवाळीला एक नवा फराळ दिला. तेव्हापासून मासिक हे केवळ विद्वानांच्या बैठकीतील न राहता घरातले झाले.

मासिकाचे हे मोल ज्या भूमीत विशेष प्रत्ययास आले, ती भूमी म्हणजे मराठवाडा. परभणी जिल्हा 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. घराघरांत मराठी बोलली जात असे. परंतु राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणही उर्दूतूनच होते. उर्दू ही परकी भाषा नव्हे. परभणीच्या बाजारात आणि अनेक घरांत ती तेव्हाही आपुलकीने बोलली जात होती व आजही बोलली जाते. गाऱ्हाणे भाषेविषयी नव्हते. बहुसंख्य मुलांना आपल्या मातृभाषेतून पुढचे शिक्षण मिळत नव्हते, हे खरे दुःख होते. अशा स्थितीत शाळेने जे दिले नाही, ते काही अंशी टपालाने दिले.

विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून हैदराबादकडे जाणारी लहान रुळांची आगगाडी या जिल्ह्यातून धावू लागली होती. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही तिची स्थानके. पुण्यामुंबईकडून येणारे टपाल मनमाडला गाडी बदलून या मार्गाने येई आणि जिंतूर, पाथरीसारख्या गावांना जाण्यासाठी स्थानकावरून पुढे बैलगाडीचा रस्ता धरी. त्या टपालात मासिकाचे एखादे वेष्टन असे. गावात एकाच्याच नावे अंक येई, पण वाचणारी घरे अनेक असत. हैदराबादेहूनही मराठी पत्रे निघत. लक्ष्मणराव फाटक यांचे 'निजाम विजय' 1920 पासून निघू लागले. पुढे आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे साप्ताहिक काढले. संस्थानाने त्यावर बंदी घातली, तेव्हा ते नाव बदलून पुन्हा निघाले. पुन्हा बंदी आली, पुन्हा नाव बदलले. छापील मराठी शब्द घरात येत राहावा यासाठी त्या पिढीने एवढी झीज सोसली. आज पोस्टमन दारात अंक टाकून जातो, तेव्हा त्यामागे हा इतिहास उभा असतो, याचे भान ठेवले पाहिजे.

घरी येणाऱ्या मासिकाचा सर्वांत मोठा उपकार स्त्रियांवर झाला. वाचनालयात जाऊन बसण्याची मोकळीक ज्या काळी बहुतेक स्त्रियांना नव्हती, त्या काळी वाचनालयच उंबरठा ओलांडून त्यांच्याकडे आले. शंकरराव किर्लोस्कर यांनी 1930 मध्ये 'स्त्री' हे मासिक सुरू केले. शिक्षण, विवाह, आरोग्य, रूढी यांविषयी त्यात मोकळेपणाने लिहिले जाई. दुपारची कामे आटोपल्यावर माजघरात बसून ते वाचणाऱ्या स्त्रीला असे कळे की, आपल्या मनातील प्रश्न आपल्या एकटीचा नाही. ही जाणीव होणे हीच सुधारणेची पहिली पायरी असते. हे मासिक ज्यांच्या बरोबरीने निघत असे, ते 'किर्लोस्कर' 1920 मध्ये किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे माहितीपत्र म्हणून सुरू झाले होते. म्हणजे, चांगले मासिक मोठ्या शहरातूनच निघावे लागते, असे नाही.

शिवाय मासिकाचा मार्ग एकाच दिशेने जात नाही. ते जसे शहरातून गावाकडे येते, तसे गावातील लेखन शहराकडे नेते. भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजेच बी. रघुनाथ, हे 1913 ते 1953 या अल्प आयुष्यात परभणीत नोकरी करून कविता, कथा व कादंबऱ्या लिहीत राहिले. प्रकाशकांच्या व समीक्षकांच्या नगरापासून दूर राहणाऱ्या अशा लेखकाला दूरच्या वाचकापर्यंत नेणारे साधन म्हणजे नियतकालिक. मराठवाडा साहित्य परिषदेने 1953 मध्ये 'प्रतिष्ठान' सुरू केले, तेव्हा या प्रदेशातील लेखकांना आपल्या घरचे व्यासपीठ मिळाले. 1995 मध्ये परभणीत नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. असा वाचकवर्ग एका दिवसात तयार होत नाही. त्याच्या घडणीत घरोघरी झिजलेल्या अंकांचा मोठा वाटा असतो.

मुलांच्या दृष्टीने पाहिले तर मासिक हे पाठ्यपुस्तकाचे धाकटे भावंड आहे. वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 मध्ये 'आनंद' काढला. 1952 पासून 'चांदोबा' मराठीत येऊ लागला आणि विक्रम-वेताळाच्या गोष्टींनी दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावून तो आता बंद झाला. पाठ्यपुस्तक मंडळाने 1971 च्या नोव्हेंबरमध्ये 'किशोर' सुरू केले. ते आजही निघते. पाठ्यपुस्तक वाचावेच लागते, मासिक वाचावेसे वाटते. आपल्या नावे आलेले वेष्टन स्वतः फोडताना मुलाला जी धन्यता वाटते, ती उसन्या अंकाने वाटत नाही. आणि क्रमशः येणाऱ्या कथेचा पुढचा भाग महिनाभर थांबून वाचावा लागला, तर मूल धीर धरावयास शिकते व पुढे काय होईल याची कल्पना स्वतः करू लागते.

मासिक हा केवळ करमणुकीचा खर्च आहे, असे शेतकरी कुटुंबास वाटत असेल, तर तेही खरे नाही. राज्याच्या कृषी खात्याने 1965 मध्ये 'शेतकरी' हे मासिक सुरू केले. परभणीत 1972 मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्या विद्यापीठाने 'शेतीभाती' हे मराठी मासिक चालविले. कपाशीचा हंगाम संपल्यावर फरदड घेऊ नये, पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नयेत, अन्यथा गुलाबी बोंडअळीला पुढील हंगामापर्यंत आश्रय मिळतो; ही गोष्ट वेळेवर कळली तर वर्गणीच्या कितीतरी पट नुकसान टळते. शेतीचा महिना आणि मासिकाचा महिना एकच असल्यामुळे जूनच्या अंकात पेरणीचा विचार असतो, आणि तो अंक खुंटीला अडकवून ठेवला तर पुढल्या वर्षीही उपयोगी पडतो.

येथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, वाचनालय असताना घरी मासिक कशाला? महाराष्ट्रात 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि पुढे गावोगावी वाचनालये निघाली, ही आनंदाची गोष्ट आहे. ज्यांना वर्गणी परवडत नाही त्यांनी तेथे अवश्य जावे, किंवा पाच घरांनी पाच निरनिराळी मासिके घेऊन ती फिरवावी. परंतु वृद्ध, आजारी, घरकामात गुंतलेली स्त्री आणि अक्षरांशी नुकतीच ओळख झालेले मूल हे वाचनालयात जाऊ शकतातच असे नाही. विहीर गावात असली तरी घरात माठ भरून ठेवावाच लागतो.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. हातातील मोबाइलवर सारे काही क्षणात व बहुधा फुकट मिळत असताना छापील अंकासाठी पैसे का मोजावे? मोबाइलचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. 'किशोर'चे जुने अंकही आज त्यावर वाचता येतात. तथापि मोबाइलवर प्रत्येक जण स्वतःपुरते वाचतो. एका घरातील चार माणसे चार दिशांना तोंडे करून बसतात. मासिक मात्र सर्वांचे असते. दुसरे असे की, मासिकातील मजकूर संपादकाने निवडलेला, तपासलेला असतो, आणि त्याखाली लिहिणाऱ्याचे नाव असते. तिसरे, त्याला शेवटचे पान असते. ते मिटून ठेवल्यावर वाचलेल्याचा विचार करण्यास अवकाश मिळतो.

अर्थात सर्वच मासिके वाचनीय असतात असे नाही. काही अनियमित निघतात, काहींत जाहिरातींची गर्दी असते, तर काही जुन्याच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात. म्हणून निवड विचारपूर्वक केली पाहिजे, आणि ती घरातील एकट्या कर्त्या पुरुषाने न करता सर्वांनी मिळून करावी. एक वर्ष मुलांच्या आवडीचे, एक वर्ष आईच्या आवडीचे, असाही क्रम ठेवता येईल.

वर्गणीदारावर एक जबाबदारीही असते. दुकानात ठेवलेले अंक विकले गेले नाहीत, तर ते परत येतात आणि तोटा प्रकाशकाला सोसावा लागतो. उलट वर्गणीदार वर्षाचे पैसे आधी भरतो. त्यामुळे किती प्रती छापाव्या हे संपादकाला कळते आणि कागदाची व लेखकाच्या मानधनाची तरतूद होते. 'सत्यकथे'सारखे मान्यवर मासिकही 1982 मध्ये बंद पडले. एखादे मासिक बंद पडले की त्याविषयी हळहळणारे पुष्कळ निघतात. त्यांपैकी निम्म्यांनी जरी वेळेवर वर्गणी भरली असती, तरी कित्येक मासिके आणखी काही वर्षे जगली असती.

ज्या जिल्ह्यातील मागील पिढ्यांनी आपल्या भाषेतील चार पानांसाठी बंदी आणि दूरचा प्रवास यांची तमा बाळगली नाही, तेथील आजच्या घराला वर्षाकाठी एका मासिकाची वर्गणी जड वाटू नये. दिवाळीला नवे कपडे घेताना त्या यादीत एका मासिकाचे नाव लिहावे. कपडे वर्षभरात विटतील. परंतु त्या बारा अंकांतून घरातील माणसांना जे सुचेल व जे त्यांना एकमेकांशी बोलावेसे वाटेल, ते त्यांच्याजवळ राहील.