कर्णधार पंडित आणि प्रशिक्षक पंडित

पांढुर्णा-सौंसरकडील क्रिकेटवेड्यांची एक गंमत आहे. राज्य मध्यप्रदेश, पण बाजार, दवाखाना आणि सोयरीक नागपूरची. म्हणून रणजी करंडकात आपला संघ कोणता, विदर्भ की मध्यप्रदेश, हा पानठेल्यावरचा वाद कधी मिटत नाही. चंद्रकांत पंडितांनी मात्र दोन्ही पक्षांना पेढे वाटावयास लावले.

आचरेकर सरांच्या तालमीतले हे मुंबईकर यष्टिरक्षक-फलंदाज भारताकडून ५ कसोटी खेळले व पुढे मध्यप्रदेशाकडे आले. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात ते आपले कर्णधार होते. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळाली होती. सामना नुसता अनिर्णित राहता तरी करंडक आपला होता. शेवटच्या दिवशी डाव कोसळला आणि ९६ धावांनी हार झाली. (कन्नड विभागातील मित्रांना ही आठवण गोड वाटेल, त्यास इलाज नाही!)

पुढे पंडित प्रशिक्षक झाले. मुंबईला त्यांनी करंडक मिळवून दिले, पण मुंबईला त्याचे काय नवल? नवल विदर्भाचे. आपल्या पहिल्याच अंतिम सामन्यात विदर्भाने १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला ९ गडी राखून हरविले, आणि तेही इंदूरला! पुढल्या वर्षी पुन्हा करंडक. मग पंडित मध्यप्रदेशाकडे परतले आणि २६ जून २०२२ रोजी त्याच चिन्नास्वामी मैदानावर, ४१ वेळच्या विजेत्या मुंबईला ६ गडी राखून हरवून, २३ वर्षांपूर्वी हुकलेला करंडक आला.

ब्राझीलचा झागालो आघाडीचा खेळाडू म्हणून १९५८ व १९६२ चे, तर प्रशिक्षक म्हणून १९७० चे फुटबॉल विश्वविजेतेपद मिळवून गेला. पण १९७० साली त्याच्यापाशी पेले होता. पंडितांपाशी त्या अंतिम सामन्यात आवेश खान व व्यंकटेश अय्यरही नव्हते.

कोणी म्हणेल, मैदानात अकरा जण खेळतात, बाहेर बसलेल्याचे कौतुक कशाला? त्यांची शिस्त लष्करी आहे, अशीही तक्रार ऐकू येते. असेल. परंतु दोन बिनकरंडकी संघ एकाच माणसाच्या हाताखाली जिंकतात, याला योगायोग म्हणणे मला पटत नाही.

आपल्याकडे संघ निवडतात तो सामन्याच्या आठवडाभर आधी. कर्णधार दरवर्षी मिळतो, त्याचा फोटोही छापतो. रोज संध्याकाळी नेटमागे उभे राहून 'पाय पुढे टाक' म्हणणारा माणूस मात्र आपण कधी मागितलाच नाही. यंदा क्रीडा समितीकडे नव्या बॅटींऐवजी तो मागावा.