मोडलेला पाय आणि धन्याचें कर्तव्य

घोड्याचा पाय मोडला कीं तें जनावर गेलेंच असें समजावें, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढमूल झाली आहे कीं, अपघात घडतांच पुष्कळ ठिकाणीं धनी हताश होऊन बसतो, व जो वेळ खरोखर उपयोगीं पडावयाचा तो हळहळण्यांतच निघून जातो. उलटपक्षीं, कित्येक धन्यांचा जीव आपल्या घोड्यावर इतका जडलेला असतो कीं, ज्याच्या बरें होण्याची कांहींच आशा उरलेली नाहीं अशा जनावराला ते आठवडेच्या आठवडे यातनांत ठेवितात, आणि त्यालाच माया म्हणतात. या दोन्ही गोष्टींचें मूळ एकच, तें म्हणजे अज्ञान. घोडा पाळणारा आणि त्यावर माया नसलेला मनुष्य विरळा. परंतु एकटी माया घोड्याचा जीव वांचवूं शकत नाहीं. तिच्या जोडीला पहिल्या तासांतलें शहाणपण लागतें, पुढील कित्येक महिन्यांची चिकाटी लागते, आणि उपाय खुंटला तर तें ओळखण्याचें धैर्यहि लागतें. हें आज आमच्या वाचकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

ट्रॅक्टर व मोटारी आल्यापासून घोड्याचें काम कमी झालें हें खरें. तथापि घोडा आपल्या जीवनांतून गेलेला नाहीं. तापीकांठच्या सारंगखेड्याच्या व नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवच्या यात्रेंत आजहि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मेंढ्यांमागें हिंडणाऱ्या धनगरांचें बिऱ्हाड तट्टांच्याच पाठीवर चालतें. माथेरानांत मोटारींस मज्जाव असल्यामुळें तेथील कित्येक कुटुंबांचें पोट घोड्यांवर आहे. भीमेच्या खोऱ्यांतील भीमथडी घोड्यासहि अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. म्हणून प्रस्तुतचा विषय कांहीं थोड्या हौशी लोकांपुरता आहे असें कोणीं मानूं नये.

प्रथम अडचण काय आहे ती नीट समजून घेतली पाहिजे. पूर्ण वाढीच्या घोड्याचें वजन चारशें ते पांचशें किलो असतें आणि त्यांतील निम्म्याहून अधिक भार पुढील दोन पायांवर असतो. पुढील पायाच्या गुडघ्याखालीं व मागील पायाच्या मधल्या सांध्याखालीं मांस असें नसतेंच. हाड, शिरा व कातडी एवढाच काय तो मामला. त्यामुळें मोडलेल्या हाडाचें टोंक सहज कातडी फोडून बाहेर येतें, आणि तेथें रक्ताचा पुरवठा बेताचाच असल्यामुळें जखम भरण्यास वेळ लागतो. मनुष्याचा पाय मोडला तर तो खाटेवर पडून राहतो. घोड्याला तसें करतां येत नाहीं. इतकें वजनदार जनावर दीर्घकाळ एका अंगावर पडून राहिलें, तर त्याच्याच भारानें त्याचे स्नायु व फुप्फुस बिघडतात. त्याला उभें राहूनच बरें व्हावें लागतें. आणि उभें राहिलें म्हणजे दुखऱ्या पायाचा भार धडधाकट पायावर पडून त्या पायाच्या खुरांत दाह उत्पन्न होतो. सारांश, मोडलेला पाय बरा होत असतांना चांगल्या पायानें दगा द्यावा, असा हा विचित्र प्रसंग आहे.

ही अडचण असूनहि यश कसें येतें, व कोठें येत नाहीं, हें तीन प्रसिद्ध घोड्यांच्या हकीकतींवरून दिसून येईल. ते घोडे श्रीमंतांच्या व सरकारच्या पागेंतले होते हें आम्ही जाणतों. परंतु त्यांपासून घ्यावयाचा धडा गरिबाच्या तट्टालाहि लागू आहे.

पहिला घोडा सेफ्टन, इंग्लंडच्या राजघराण्याच्या घोडदळांतला. ता. २० जुलै १९८२ रोजीं लंडनच्या हाइड पार्कजवळ बाँबचा स्फोट झाला. त्यांत घोडदळाचे सात घोडे ठार झाले. सेफ्टनच्या अंगावर चौतीस जखमा होत्या आणि मानेतील मोठी रक्तवाहिनी तुटली होती. तेथल्या तेथें एका शिपायाचा सदरा जखमेवर दाबून धरून रक्त थोपविण्यांत आलें, व मग त्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढें सेफ्टन पुन्हां कामावर रुजू झाला, १९८४ सालीं निवृत्त झाला आणि तीस वर्षांचा होऊन १९९३ सालीं गेला. शस्त्रवैद्याचें कौशल्य थोर खरें. पण तें दाखविण्यास घोडा जिवंत राहिला तो अंगावरच्या एका सदऱ्यामुळें. सदरा प्रत्येक शेतकऱ्यापाशीं असतो.

दुसरा घोडा मिल रीफ. १९७१ सालची इंग्लंडमधील डर्बीची शर्यत व त्याच वर्षींची पॅरिसची मोठी शर्यत यानें जिंकली होती. ता. ३० ऑगस्ट १९७२ रोजीं सकाळच्या फेरीच्या वेळीं त्याचा पुढचा डावा पाय मोडला. त्या काळीं अशा घोड्यास बहुधा गोळीच घालीत. मालकानें तसें न करितां पाय वांचविण्याचें ठरविलें; पोलादी पट्टी व स्क्रू बसवून हाड जोडण्यांत आलें आणि पायाला प्लास्टर घालण्यांत आलें. घोडा स्वभावानें शांत होता. ओढाताण न करितां तो ठाणावर उभा राहिला, आणि त्याच्या बरें होण्याचें पुष्कळसें श्रेय या स्वभावाला दिलें जातें. तो पुन्हां धावला नाहीं. परंतु वळू म्हणून न्यूमार्केट येथें १९८६ सालापर्यंत जगला, आणि त्याच्या दोन पुत्रांनीं, एकानें १९७८ सालीं व दुसऱ्यानें १९८७ सालीं, तीच डर्बी जिंकली. ठाणावर हात लावूं देणारें, पाय उचलूं देणारें, बांधलें तर शांत राहणारें घोडें अपघातांतून वांचण्याचा संभव अधिक. ही शिकवण शिंगरूं असल्यापासून द्यावयाची असते. अपघाताच्या दिवशीं ती देतां येत नाहीं.

तिसरा घोडा बार्बारो. ता. ६ मे २००६ रोजीं अमेरिकेंतील केंटकीची डर्बी जिंकणाऱ्या या घोड्याचा मागचा उजवा पाय दोनच आठवड्यांनीं, ता. २० मे रोजीं, बाल्टिमोरच्या शर्यतींत वीसांहून अधिक ठिकाणीं मोडला. दुसऱ्याच दिवशीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयांत एक पट्टी व सत्तावीस स्क्रू घालून तो जोडण्यांत आला. शुद्धीवर येतांना घोड्यानें धडपडून पाय पुन्हां मोडूं नये म्हणून त्यास पाण्याच्या हौदांत तराफ्यावर ठेवण्यांत आलें होतें. मालकानीं पैशाकडे पाहिलें नाहीं, वैद्यांनीं कसूर केली नाहीं. तरी जुलै महिन्यांत त्याच्या चांगल्या मागच्या डाव्या पायाच्या खुरांत दाह झाला व खुराची बहुतेक भिंत काढावी लागली. आठ महिने झुंज देऊन शेवटीं, दुखणें आवरेनासें झालें तेव्हां, ता. २९ जानेवारी २००७ रोजीं त्याला शांतपणें मरण देण्यांत आलें. आमच्या मतें त्याच्या धन्यांनीं आपलें कर्तव्य दोन वेळां बजावलें: एकदां त्याला जगविण्याचा निश्चय केला तेव्हां, व एकदां त्याला सोडण्याचा निश्चय केला तेव्हां.

आतां आपल्या शिवारांतील गोष्ट घेऊं. आपल्याकडे शर्यतीच्या मैदानापेक्षां रस्त्यावरची मोटार, कठडा नसलेली विहीर, कांटेरी तार व खडकाळ ओढा हींच घोड्याच्या नाशाचीं मुख्य कारणें होत. असा प्रसंग आल्यास पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

घोड्याच्या ओळखीचा एकच मनुष्य त्याच्या डोक्यापाशीं उभा राहावा. बाकीची गर्दी दूर करावी. पाय मोडल्याचा संशय असेल तर त्यास एक पाऊलहि चालवूं नये, व पडलेला असल्यास ओढून उठवूं नये. पडलेल्या घोड्याजवळ बसणें तें पाठीच्या बाजूनें, पायांच्या बाजूनें नव्हे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी. घडी भिजल्यास ती न काढतां तिच्यावरच दुसरी ठेवावी. घडी वारंवार उचलून पाहिल्यानें गोठूं लागलेलें रक्त पुन्हां सुटतें.

गुडघ्याखालीं हाड मोडलें असून घोडा हात लावूं देत असेल, तर पायाला कापसाचे जाड थर एकावर एक आंवळून बांधावे आणि त्यावरून दोन मजबूत लांकडी पट्ट्या किंवा वेळूच्या जाड कामट्या, एक बाहेरच्या अंगानें व एक पुढून किंवा मागून, खुरापासून वरच्या सांध्यापलीकडे पोंचतील अशा बांधाव्या. कापसाशिवाय नुसती कामटी बांधूं नये. गुडघ्याच्या वर मोड असेल तर तेथें हात न घालतां पशुवैद्याची वाट पाहावी. गाडींतून नेण्याचा प्रसंग आला तर पुढचा पाय मोडलेल्या घोड्याचें तोंड गाडीच्या मागच्या बाजूस व मागचा पाय मोडलेल्याचें पुढच्या बाजूस ठेवावें, म्हणजे ब्रेकाचा धक्का धडधाकट पायांवर जातो. विहिरींत पडलेल्या घोड्याला वर काढतांना दोर मानेस, पायांस किंवा शेपटास बांधूं नये. पोटाखालून रुंद पट्टे घालून झोळी करावी.

जखमेंत हळद, चुना, तेल, राख घालणें, डागणें, घोड्यास दारू पाजणें, या सर्व जुन्या रीती आतां सोडून दिल्या पाहिजेत. गुंगीचें किंवा दुखणें थांबविण्याचें औषधहि पशुवैद्यास विचारल्यावांचून देऊं नये. घोडा हा धनुर्वातास फार लौकर बळी पडणारा प्राणी आहे. म्हणून जखम लहान असली तरी धनुर्वाताची लस टोंचलेली आहे कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे. सांध्याजवळच्या इवल्याशा भोंकाला तर मोठ्या जखमेहून अधिक भ्यावें. तेथून सांध्यांत पू झाला म्हणजे पाय जातो, आणि तेथें दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. सरकारी फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठीं १९६२ हा दूरध्वनि क्रमांक आहे; तो घरांतल्या लहानमोठ्या सर्वांस पाठ असावा.

वैद्य येऊन गेला म्हणजे काम संपलें नाहीं. तें तेव्हां सुरू होतें. ठाणावर मऊ व कोरडें अंथरूण जाड घालावें. घोडा कामावर नसल्यामुळें चंदी कमी करावी व चांगली वैरण द्यावी. लीद रोज पाहावी. चांगल्या पायासहि आधाराची पट्टी बांधावी, आणि त्याच्या खुरावर रोज हात ठेवून पाहावें. खूर ऊन लागत असेल किंवा घोडा सारखा भार बदलीत असेल, तर त्याच दिवशीं वैद्यास बोलवावें. निरोगी घोड्याची नाडी विसांव्याच्या वेळीं मिनिटास २८ ते ४४ पडते. ती मोजण्यास प्रत्येक मोतद्दारानें शिकलें पाहिजे. एकट्या घोड्याचें मन खचतें, म्हणून दुसरें जनावर त्याच्या दृष्टीसमोर बांधावें.

आतां शेवटचा व कठीण प्रश्न. वांचवावें कोणत्या घोड्यास? शिंगरूं व हलकें तट्टू वांचण्याचा संभव मोठ्या घोड्याहून अधिक. कातडी न फुटलेला मोड फुटलेल्याहून बरा. पायाच्या खालच्या भागांतील मोड मांडीच्या मोडाहून आटोक्यांतला. पूर्ण वाढीच्या घोड्याच्या मांडीचें हाड मोडलें, सांध्याचा चुरा झाला, किंवा चांगल्या पायाचें खूर सुटूं लागलें, तर बहुधा आशा धरण्यांत अर्थ नसतो. धन्यानें पशुवैद्यास दोन प्रश्न स्पष्ट विचारावे: हा घोडा वेदनेवांचून उभा राहूं शकेल काय? आणि तेवढें करण्यास लागणारे महिने, मनुष्यबळ व पैसा माझ्यापाशीं आहे काय? दोहोंचें उत्तर होय असेल तर शेजाऱ्यांच्या हंसण्याकडे लक्ष न देतां प्रयत्न करावा. घोडा पुन्हां स्वारीच्या उपयोगी पडला नाहीं तरी पैदाशीच्या व सोबतीच्या उपयोगी पडतो. उत्तर नाहीं असें आलें तर पशुवैद्याच्या हातून सुखानें मरण देणें यांत पाप नाहीं. त्याला रस्त्याकडेला सोडून देणें किंवा कसायाच्या दलालास विकणें, हें मात्र पाप आहे.

एकट्या धन्यानें हें सर्व करावें असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. मुंबईस पशुवैद्यकाचें महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. इतक्या काळानंतरहि तालुक्याच्या गांवीं मोठें जनावर उचलण्याची साधी झोळी शोधून सांपडूं नये, ही लाजिरवाणी गोष्ट होय. म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, प्रत्येक तालुक्याच्या शेतकरी संघानें रुंद पट्ट्यांची एक झोळी, एक साखळीची कप्पी, कापूस व पट्ट्या एवढें साहित्य बाळगावें. तें बैल व म्हशीसहि उपयोगी पडेल, व त्याचा खर्च वर्गणीनें सहज निघेल. घोड्यांच्या प्रत्येक यात्रेंत पशुवैद्य व उतरती फळी असलेली गाडी हजर ठेविल्यावांचून बाजार भरवूं नये. विहिरींस कठडे बांधावे. रात्रीं रस्त्यानें नेल्या जाणाऱ्या घोड्याच्या अंगावर चमकणारी पट्टी बांधावी. या गोष्टींना मोठा पैसा लागत नाहीं, ठराव लागतो.

पुढील यात्रेचा हंगाम येण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं आपापल्या संघाच्या सभेंत हा ठराव मांडावा. घोडा आपल्याला वाहून नेतो तेव्हां आपण वाटेचा विचार त्याच्यावर सोंपवितों. त्याला वाहून नेण्याची पाळी आपल्यावर आली, तर आपली तयारी झालेली असावी.