डोंगरात सेन्सर बसतील, पण पावसाळाभर चालतील का?

खालापूर : 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 जण सापडलेच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नावच नव्हतं. म्हणूनच डोंगरउतारावर सेन्सर लावून आधी इशारा मिळेल का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मिळू शकतो. केरळात मुन्नारच्या उतारावर अमृता विद्यापीठाने असं बिनतारी जाळं उभारलं आहे. जमिनीत मुरलेल्या पाण्याचा दाब, उताराचा कल, पाऊस याची मोजणी त्यातून होते. खरी अडचण मोजण्याची नाही, बॅटरीची आहे. जिथे पायवाटेनेच जावं लागतं, तिथे भर जुलैत सेल बदलायला कोण चढणार? आणि ढगांमुळे सोलरही नीट चार्ज होत नाही.

सर्वात जास्त बॅटरी खातो तो रेडिओ. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेतसुद्धा संदेश पाठवायला चौपट ताकद लागते, झाडीत त्याहून जास्त. म्हणून आग विझवताना बादल्या हातोहात पुढे देतात, तसा संदेश एका यंत्राकडून दुसऱ्याकडे सरकवायचा. मात्र नुसतं ऐकत राहिलं तरी बॅटरी उतरते, त्यामुळे काम नसेल तेव्हा यंत्राला झोपवावं लागतं.

यातही एक मेख आहे. मुख्य केंद्राजवळच्या यंत्रांवर सगळ्यांचा भार पडतो आणि तीच आधी बंद पडतात. भार वाटण्याचा एक मार्ग 2000 साली अमेरिकेतील एमआयटीच्या वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी ‘लीच’ या पद्धतीतून मांडला. यंत्रांचे गट करायचे आणि गटाचा मुकादम पाळीपाळीने बदलायचा. मुकादम सगळ्यांची माहिती गोळा करून एकदाच पुढे पाठवतो. एखादं यंत्र मातीखाली गेलं, तर उरलेल्यांनी आपसात नवी वाट शोधायची, कुणी वर चढून जोडणी करायची गरज नाही.

त्यामुळे उद्या कुठल्याही वाडीवर असं जाळं बसवायचं ठरलं, तर किती सेन्सर लावले एवढंच विचारून भागणार नाही. ऊन नसताना किती दिवस चालतील? मधलं एक बंद पडलं तर संदेश पोहोचेल का? आणि रात्री इशारा आलाच, तर वाडीत भोंगा वाजवून लोकांना बाहेर काढण्याची जबाबदारी कोणाची? ग्रामसभेने ही तीन उत्तरं लेखी मागावीत, तीही पहिला खांब रोवण्याआधी.